घरच्या घरी हवा मोजा: वजनकाटा, सिरिंज आणि फुटबॉल

एक लिटरची रिकामी बाटली वजनकाट्यावर ठेवा. काटा जे दाखवतो ते फक्त बाटलीचं वजन. आत सव्वा ग्रॅमच्या आसपास हवा आहे, पण तिचा काट्याला पत्ताच लागत नाही. काटा कितीही नाजूक घेतला तरी नाही. यात काट्याची चूक नाही. हवेची मापं काढायची तर तिला जरा युक्तीनेच पकडावं लागतं, आणि या लेखात त्या युक्त्या आहेत.

आपण भांड्याला "रिकामं" म्हणतो, कारण हवा म्हणजे काहीच नाही असं मनात पक्कं बसलेलं असतं. प्रत्यक्षात ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीत चाळीस किलोहून जास्त हवा असते. तिच्यात ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, एक टक्क्याला थोडा कमी आरगॉन आणि बाकी किरकोळ. म्हणजे लोखंड, लाकूड, पाणी यांच्यासारखाच हा एक पदार्थ. तो जागा व्यापतो, वजन बाळगतो, दाबला की आकसतो, तापला की पसरतो. हे सगळं शाळेत पाठ केलेलं असतं, आकडे स्वतः काढून पाहिलेले नसतात. आकडे काढण्यातच खरी मजा आहे, आणि ते चुकतात तेव्हा तर जास्तच.

काय काय लागेल

१० मिली.ची सिरिंज, सुई नसलेली. पाच किलोपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. जमल्यास ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा, फुटबॉलसाठी तो जवळजवळ हवाच. फुटबॉल, त्याचा पंप आणि पिन. पिनवर घट्ट बसेल अशी पातळ नळी. खुणा केलेली एक लिटरची बाटली, एक काचेची बाटली, बादली, काचेचा उंच ग्लास, थर्मामीटर, पट्टी, दोरा, आणि जाडसर खोडरबर. शिवाय एक वही. वही मी शेवटी लिहिली आहे, पण तिच्याशिवाय यातला एकही प्रयोग करण्यात अर्थ नाही. आठवणीतले आकडे नेहमी आपल्याला हव्या त्या उत्तराकडे झुकतात.

सुरुवात ग्लासपासून

ग्लासच्या तळाशी कोरडा कागद घट्ट कोंबा, ग्लास उलटा धरा आणि सरळ बादलीतल्या पाण्यात दाबा. कागद कोरडा राहतो. हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून बहुतेक जण इथेच थांबतात. तुम्ही थांबू नका. ग्लास बादलीच्या तळापर्यंत न्या आणि बाजूने नीट बघा. पाणी ग्लासच्या कडेपाशी थांबलेलं नसतं, थोडं आत चढलेलं असतं. १५ सेंमी उंचीचा ग्लास ३० सेंमी खोल नेला तर साधारण ४ मिमी. वरच्या पाण्याच्या दाबाने आतली हवा सुमारे तीन टक्क्यांनी आकसली, तेवढीच जागा पाण्याला मिळाली. ग्लास वर आणला की हवा पुन्हा पहिल्याइतकी.

हवा जागा अडवते आणि दाबली की आकसते, अशा दोन गोष्टी एकाच ग्लासात दिसतात. आता दुसरीचा नीट हिशेब करू.

सिरिंज काट्यावर उभी करून हवेचा दाब मोजणे

या लेखातला माझा सगळ्यात आवडता प्रयोग हाच. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.०३ किलो असतो, हे वाक्य वाचून काही कळत नाही. ते वजन स्वतःच्या अंगठ्याखाली यायला हवं.

१. आधी दट्ट्याचं क्षेत्रफळ काढा. व्यास मोजायच्या भानगडीत पडू नका, आत पट्टी नीट बसत नाही. सिरिंजवरच्या ० ते १० या खुणांमधलं अंतर मोजा. माझ्या सिरिंजवर ते ५.६ सेंमी भरलं. १० घन सेंमी भागिले ५.६ सेंमी, म्हणजे १.७९ चौरस सेंमी. झालं क्षेत्रफळ.

२. तोंड उघडं ठेवून दट्ट्या बरोबर १० च्या खुणेवर आणा आणि मग तोंड बंद करा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी तोंड बंद करून मग दट्ट्या ओढलात तर आतला दाब बाहेरच्याइतका राहत नाही आणि पुढचं सगळं बिघडतं. तोंड बंद करायला खोडरबरात छोटं भोक पाडून, पण आरपार नाही, त्यात ते घट्ट रुतवा.

३. खोडरबरासकट सिरिंज काट्यावर उभी करा आणि काटा शून्यावर आणा.

४. एका हाताने सिरिंज नुसती सावरा, पकडू नका. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दट्ट्या सरळ खाली दाबा. ८, ६ आणि ५ मिली.च्या खुणेवर काटा किती दाखवतो ते कुणाला तरी लिहून घ्यायला सांगा. एकट्याने करायला जाल तर खुणेकडे बघताना काटा हलतो, काट्याकडे बघताना खूण सरकते.

५. आता अंगठा सैल करत परत या आणि त्याच खुणांवर पुन्हा आकडे घ्या. ते आधीच्यापेक्षा कमी येतील. घाबरू नका, ते दट्ट्याच्या रबराचं घर्षण आहे. दाबताना घर्षण तुमच्या विरुद्ध असतं, सोडताना तुमच्या बाजूने. दोन्ही आकड्यांची सरासरी घेतली की घर्षण बरंचसं गळून पडतं.

माझ्याकडे ५ मिली.वर दाबताना २.१ किलो आले आणि सोडताना १.५. सरासरी १.८. आता याचा अर्थ लावू. सुरुवातीला आतली हवा बाहेरच्या वातावरणाइतक्या दाबाखाली होती. तिचं आकारमान निम्मं केलं, म्हणजे दाब दुप्पट झाला. त्यातला एक हिस्सा वातावरण आधीपासून देतच होतं, दुसरा माझ्या अंगठ्याने दिला. म्हणजे अंगठ्याचा जोर बरोबर एका वातावरणाइतका. १.८ किलो भागिले १.७९ चौ. सेंमी, उत्तर दर चौ. सेंमीला १.०१ किलो. खोडरबर आणि काट्यावर एवढं जमलं तर आणखी काय पाहिजे!

आकारमान निम्मं तर दाब दुप्पट, हा नियम रॉबर्ट बॉइल याने १६६२ साली छापला. तुमचे ८ आणि ६ मिली.चे आकडेही त्यात बसायला हवेत. माझ्या मापाच्या सिरिंजला अनुक्रमे ०.४६ आणि १.२३ किलोच्या आसपास. ५ मिली.चा आकडा बरोबर आणि ८ चा फारच चुकीचा असेल तर तोंडातून हवा गळते आहे. दट्ट्या सोडल्यावर तो १० च्या जवळपास परत येतो का, ते बघा.

मग सिरिंज पाण्याने भरा, एकही बुडबुडा न ठेवता, आणि तसंच दाबा. काटा पाच किलोपर्यंत जाईल पण दट्ट्या हलणार नाही. एका वातावरणाच्या जादा दाबाने १ लिटर पाणी जेमतेम ०.०५ मिली. आकसतं. तुमच्या १० मिली.ला त्याचा शंभरावा भाग, जो कुठल्याच खुणेवर दिसत नाही. आत वाटाण्याएवढा बुडबुडा राहू दिला तर मात्र दट्ट्या लगेच खाली सरकतो. मेकॅनिक ब्रेकची "एअर काढतो" ती याचसाठी. नळीत तेल असेल तर पायाचा जोर थेट चाकाशी पोचतो, बुडबुडा असेल तर पाय नुसता हवा दाबत बसतो आणि पेडल मऊ लागतं.

आणखी एक गंमत. सिरिंजमध्ये २ मिली. गरम पाणी घ्या, साधारण ६० अंश सेल्सिअसचं, तोंड बंद करा आणि दट्ट्या जोरात मागे ओढा. पाणी उकळायला लागतं. ६० अंशांना! सुरुवातीचे बुडबुडे बरेचसे पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात, म्हणून ती हवा बाहेर ढकलून दुसऱ्यांदा ओढा. मग दिसतं ते खरं उकळणं. पाणी १०० अंशांना उकळतं हे विधान अपुरं आहे. वर एक वातावरणाचा दाब असेल तर १०० अंशांना, असं म्हणायला हवं.

या दाबाची पहिली ओळख करून दिली ती इव्हान्जेलिस्ता टोरिचेली याने. १६४३ सालचा प्रयोग. एका बाजूने बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी केली, तर पारा खाली येऊन साधारण ७६ सेंमीवर थांबला. पाण्याने हेच करायचं तर १०.३ मीटर उंच नळी लागते, कारण पारा पाण्याच्या १३.६ पट जड. वर ठेवलेला पंप विहिरीतलं पाणी दहा मीटरपेक्षा खोलवरून ओढू शकत नाही, त्याचं कारणही हेच. पंप पाणी ओढतच नाही, तो वरची हवा काढून घेतो आणि पाण्याला वर ढकलायचं काम बाहेरचं वातावरण करतं. १६४८ साली ब्लेझ पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधला प्युई द डोम हा डोंगर चढला. माथ्यावर पारा सुमारे ८ सेंमी खाली आला होता. तुम्हाला डोंगर चढायची गरज नाही. बऱ्याच फोनमध्ये दाबाचा सेन्सर असतो. तो वाचणारं अॅप उघडा, फोन जमिनीवर ठेवून आकडा घ्या, मग तीन मीटर वरच्या मजल्यावर. सुमारे ०.३६ हेक्टोपास्कलचा फरक दिसेल.

जड वस्तू आधी पाण्यात टांगून बघा

हवेचं वजन करण्याआधी हा वळसा घ्यावा लागतो. कंटाळा करू नका, पुढची सगळी फजिती त्यामुळे टळते.

पाण्याने अर्धं भरलेलं भांडं काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा. मोठा स्टीलचा नट-बोल्ट दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा धरा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. बोल्ट तुमच्या हातात आहे, भांड्यात त्याचा भार नाही, तरी काटा काहीतरी दाखवतो. माझ्याकडे १२ ग्रॅम दाखवत होता. पाणी बोल्टला वर ढकलतं, म्हणजे बोल्टही पाण्याला तेवढ्याच जोराने खाली ढकलतो, आणि हा जोर बोल्टने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका असतो. म्हणजे बोल्टचं आकारमान १२ घन सेंमी. मग बोल्ट कोरडा करून नुसता काट्यावर ठेवला, ९४ ग्रॅम. ९४ भागिले १२, घनता ७.८. पोलादाची घनता तेवढीच असते. कोपऱ्याकोपऱ्याने भरलेल्या वस्तूचं आकारमान काढायची इतकी सोपी रीत मला दुसरी माहीत नाही. तरंगणारी वस्तू असेल तर ती बारीक सुईने पाण्याखाली ढकलून धरा, तीच युक्ती चालते. बर्फाला ०.९२ च्या आसपास यायला पाहिजे, हात मात्र चटकन चालवा.

घनतेचे काही आकडे हाताशी असू द्या, घन सेंमीला ग्रॅममध्ये: ॲल्युमिनियम २.७, लोखंड ७.९, पारा १३.६, सोनं १९.३. आणि हवा? ०.००१२. पाण्याच्या आठशेव्या भागाहून किंचित कमी.

आता हवेचं वजन

काडीच्या दोन्ही टोकांना दोन फुगे बांधायचे, काडी मधोमध टांगायची, एक फुगा फोडायचा आणि दुसरी बाजू खाली गेली की "बघा, हवेला वजन असतं" म्हणायचं. हा प्रयोग तुम्ही पाहिला असेल. मीही भाचीला मोठ्या ऐटीत करून दाखवला. फुटलेल्या फुग्याचा एक तुकडा लांब उडाला आणि काडी कलली. ती म्हणाली, "मामा, पण तो तुकडा उडून गेला ना, म्हणून ही बाजू हलकी झाली." मी तुकडा शोधून परत अडकवला. काडी जवळजवळ सरळ झाली.

तिचं बरोबर होतं. १० लिटरच्या फुग्यात १२ ग्रॅम हवा असते खरी, पण तो फुगा बाहेरचीही १० लिटर, म्हणजे १२ ग्रॅम हवा बाजूला सारतो. बोल्टला पाणी ढकलत होतं, तसंच फुग्याला बाहेरची हवा तेवढ्याच जोराने वर ढकलते. दोन्ही एकमेकांत वजा. उरतं ते फुग्याच्या ताणलेल्या रबराने आतली हवा जी किंचित दाबलेली असते तेवढंच. दोन-तीन टक्के, म्हणजे पाव-एक ग्रॅम. त्यात तोंडाने फुगवलेला फुगा म्हणजे आत ऊबदार, दमट हवा. रिकाम्या बाटलीतली हवा काट्याला दिसत नाही, तेही यामुळेच.

म्हणून हवा दाबून भरा, आणि भांडं असं निवडा की हवा भरल्यावर ते फारसं फुगत नाही. फुटबॉल त्यासाठी उत्तम. काचेची बरणी किंवा पातळ प्लास्टिकची बाटली पंपाने भरायला जाऊ नका, ती फुटली तर डोळ्यांवर बेतेल.

फुटबॉल टणक भरा, पण त्यावर छापलेल्या दाबाच्या पुढे नाही. पंप मारताना हवा तापते, तेव्हा दहा मिनिटं थांबा. छोट्या काट्यावर वजन घ्या. चेंडू गडगडू नये म्हणून खाली एक हलकी कडी ठेवून काटा आधीच शून्यावर आणलेला असू द्या. माझा आकडा ४२६.४ ग्रॅम.

आता ही जादा हवा किती लिटर आहे ते मोजायचं. बादलीत पाणी घ्या, खुणांची बाटली पाण्याने काठोकाठ भरून बादलीत उलटी धरा. पाणी खाली पडत नाही, कारण टोरिचेलीचा पारा. नळीचं एक टोक बाटलीच्या तोंडात सरकवा, दुसरं टोक पिनला जोडलेलं. पिन ओली करून चेंडूत घाला. हवा बुडबुडत बाटलीत चढते आणि पाणी बाहेर जातं. एक लिटरची खूण आली की नळी चिमटीत दाबा, बाटली पुन्हा पाण्याने भरा, पुन्हा सुरू. वाचन घेताना बाटलीतली आणि बादलीतली पाण्याची पातळी एका रेषेत आणा, नाहीतर आतल्या हवेचा दाब बाहेरच्याइतका नसतो. ग्लासात पाहिलेले ते ४ मिमी आठवा. बुडबुडे थांबेपर्यंत चालू ठेवा आणि चेंडूला हाताने चेपू नका. चेंडूत आता बाहेरच्याइतक्याच दाबाची हवा उरली आहे, ती असू दे.

माझ्याकडे एकूण ४.१ लिटर हवा निघाली. चेंडू पुसून पुन्हा काट्यावर ठेवला, ४२१.६ ग्रॅम. फरक ४.८ ग्रॅम. ४.८ भागिले ४.१, लिटरला १.१७ ग्रॅम. त्या दिवशी खोलीत २८ अंश तापमान होतं, आणि त्या तापमानाला समुद्रसपाटीच्या दाबाला कोरड्या हवेचा पुस्तकी आकडा १.१७ च आहे. इतकं तंतोतंत जुळलं म्हणजे नशीब, कौशल्य नव्हे. कारण टणक चेंडू थोडासा फुगलेला असतोच. व्यास एक टक्क्याने वाढला तरी आकारमान तीन टक्क्यांनी वाढतं आणि बाहेरची हवा त्याला ०.२ ग्रॅम जादा उचलून धरते. पुढच्या दोन वेळा मला १.१० आणि १.१४ मिळाले. काटा एक ग्रॅमच्या टप्प्यांनी दाखवणारा असेल तर मात्र ०.९ ते १.५ मधलं काहीही येऊ शकतं. अशा वेळी चार-पाच वेळा करून सरासरी घ्या.

वायूचं वजन अचूक करण्याला किती किंमत आहे पाहा. लॉर्ड रॅली नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून उरलेला नायट्रोजन लिटरला १.२५७ ग्रॅम भरत होता, आणि रासायनिक संयुगांतून तयार केलेला १.२५१. फरक अर्ध्या टक्क्याचा. दुसरा कुणी असता तर काट्याला दोष देऊन मोकळा झाला असता. रॅली आणि विल्यम रॅम्से त्या फरकाच्या मागे लागले आणि १८९४ साली हवेत दडलेला आरगॉन सापडला. १९०४ सालची पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र ही दोन्ही नोबेल पारितोषिकं त्या कामातून आली, एक रॅलींना आणि एक रॅम्सेंना.

टाळ्या वाजवून आवाजाचा वेग

हे मोकळ्या मैदानातलं काम. मोठी सपाट भिंत शोधा, पावलं न मोजता टेपने ५० मीटर लांब जा आणि टाळी वाजवा. प्रतिध्वनी ऐकू येतो. आता ठेका धरून टाळ्या वाजवा, इतक्या वेगाने की प्रतिध्वनी बरोबर दोन टाळ्यांच्या मधोमध पडेल. ठेका बसला की २० अंतरं किती सेकंदांत होतात ते मोजा, म्हणजे पहिल्या टाळीपासून एकविसाव्या टाळीपर्यंत. एका अंतराच्या निम्म्या वेळात आवाज १०० मीटर गेलेला असतो. २० अंश तापमानाला वेग सेकंदाला ३४३ मीटर यायला हवा, तर २० अंतरांना ११.७ सेकंद लागतात. हवा जितकी गरम तितका आवाज वेगवान, अंशामागे साधारण ०.६ मीटर. पाण्यात तोच आवाज सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास जातो, पोलादात पाचच्या पुढे.

गारवा आणि ऊब

एकाच खोलीत रात्रभर पडलेली लोखंडी पट्टी आणि लाकडी फळी यांना हात लावा. लोखंड गार लागतं. थर्मामीटर लावा, दोघांचं तापमान सारखंच. हात तापमान मोजत नाही, अंगातली उष्णता किती झपाट्याने निघून जाते ते मोजतो. ॲल्युमिनियमचं ताट आणि लाकडी फळी यांच्यावर बर्फाचे सारखे तुकडे ठेवलेत तर आधी कोणता वितळेल यावर पैज लावून बघा. बहुतेक जण "गार" ताटावरचा बर्फ टिकेल म्हणतात आणि हरतात. स्थिर हवा या बाबतीत लाकडापेक्षाही आळशी, पाण्याच्या विसाव्या भागाहूनही कमी उष्णता वाहून नेते. लोकर ऊब देते ती तिच्या धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. हवा वाहायला लागली की मात्र हा गुण संपला.

बाटलीतून निरपेक्ष शून्याकडे

काचेची बाटली आतून पूर्ण कोरडी करा. झाकण लावू नका. ६० अंशांच्या पाण्यात ती मानेपर्यंत बुडेल अशी धरा, आत पाणी जाऊ देऊ नका. काच एकदम तापवली तर तडकते, म्हणून आधी कोमट पाणी आणि मग गरम. आतल्या हवेला पाण्याइतकं तापायला वेळ द्या. मग तोंडावर अंगठा घट्ट दाबा, बाटली उलटी करून २० अंशांच्या पाण्यात न्या, आणि तोंड पाण्याखाली असतानाच अंगठा काढा. पाणी स्वतःहून आत चढतं. बाटली पूर्ण गार होऊ द्या, आतली आणि बाहेरची पातळी एका रेषेत आणा, तोंड बंद करून बाटली बाहेर काढा आणि आत आलेलं पाणी मोजा. नंतर बाटली काठोकाठ भरून तिचं एकूण आकारमानही मोजा. लेबलवर लिहिलेलं माप धरू नका, ते मानेच्या खालपर्यंतचं असतं.

माझ्या बाटलीचं आकारमान बरोबर एक लिटर निघालं आणि पाणी आलं ११४ मिली. म्हणजे ४० अंश थंड झाल्यावर हवा ११४ मिली.ने आकसली. याच चालीने आकसत गेली तर एक लिटरची शून्य व्हायला किती अंश उतरावं लागेल? ४० गुणिले १००० भागिले ११४, म्हणजे ३५१. सुरुवात ६० पासून केली होती, तर उत्तर उणे २९१ अंश सेल्सिअस. खऱ्या हवेचं तिथे पोचण्याआधीच द्रव होतं, पण रेष पुढे ओढायला कुणाची हरकत नाही. ही रेष जिथे टेकते ते निरपेक्ष शून्य, उणे २७३.१५.

अठरा अंशांनी चुकलो होतो. कारण शोधताना लक्षात आलं की मी बाटली गरम पाण्यात जेमतेम पाच मिनिटं धरली होती आणि मान पाण्याच्या वर होती, म्हणजे आतली सगळी हवा ६० अंशांना पोचलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं ठेवली, मानेभोवती गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळलं. पाणी आलं ११८ मिली., उत्तर उणे २७९. उरलेल्या सहा अंशांचा दोष आतल्या काचेला चिकटून राहिलेल्या थेंबांवर टाकला आणि वही मिटली.